जनरेटर कोरडा आहे

ती गेली हे बोटीवर सगळ्यांत शेवटी त्याला कळलं.

बोटीवर माणसं चारच. पुढे केबिनमध्ये ती, त्याची बायको, आणि त्यांची मुलगी. मधे सुकाणूवर नावाडी. आणि मागच्या टोकाला, सगळ्यांकडे पाठ करून, तो. त्याच्यासमोर जनरेटर धडधडत होता आणि वरून पाऊस कोसळत होता. जनरेटरची वायर त्याच्या पायाजवळून केबिनच्या फटीत शिरली होती. आत ऑक्सिजनचं मशीन होतं. मशीनची नळी तिच्या नाकाला लावलेली होती. हे बंद पडलं की ते बंद, आणि ते बंद पडलं की ती. एवढं त्याला कळत होतं.

तो सुतार. निघण्याआधी त्याने लाकडी पट्ट्या ठोकून जनरेटरवर चौकट उभी केली होती आणि तिच्यावर ताडपत्री ताणली होती. बाजू मोकळ्या ठेवल्या होत्या, कारण गच्च झाकलं तर जनरेटर गुदमरतो. धुराचं तोंड नदीकडे केलं होतं. पण नदीच्या मध्यावर वारा फिरला, एक पट्टी काडकन मोडली, आणि तेव्हापासून ताडपत्रीचं ते टोक त्याने स्वतःच धरलं होतं. खाली घेतलं की ते सायलेन्सरला चिकटून वितळत होतं. वर घेतलं की पाणी आत जात होतं. हात भरून आले होते. धूर डोळ्यांत जात होता.

दर थोड्या वेळाने त्याला मागे वळून तिला बघावंसं वाटत होतं. घरी तो तेच करायचा. पलंगाशेजारी स्टूल टाकायचा आणि तिची छाती खालीवर होतेय ना, ते बघत बसायचा. ती डोळे न उघडताच म्हणायची, "अहो, मी काय गॅसवरचं दूध आहे? किती बघाल?"

"तू झोप."

"असं समोर बसल्यावर मांजरसुद्धा झोपत नाही."

घरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता कुठे हलवू नका. त्याला ते पटलं नाही. नदीपलीकडे मोठा दवाखाना होता, तिथे काहीतरी करतील म्हणाला. तो रोज तेच म्हणायचा. शेवटी तीच कंटाळून म्हणाली, "चला बाई, होऊ दे यांचं समाधान. पण मशीनला लाइट लागेल. जनरेटर आणा कुठून तरी." तो तसाच उठला आणि मंडपवाल्याकडून जनरेटर घेऊन आला. मशीनमधलं त्याला काही कळायचं नाही. त्याची बटणं मुलगीच बघायची.

"बाबा!" केबिनमधून मुलीचा आवाज आला. "आई विचारतेय, भिजलात का?"

"जनरेटर कोरडा आहे!" तो ओरडला.

आत कोणीतरी हसलं. मग खोकला आला, लांबलचक. तो वळणार तेवढ्यात मुलगी पुन्हा ओरडली, "बाबा, डावीकडून पाणी जातंय बघा!"

त्याने घाबरून ताडपत्री डावीकडे ओढली. तिकडे काही पाणी दिसलं नाही. तरी त्याने अंगातला शर्ट काढून त्या बाजूला अडकवला. आता पाऊस थेट पाठीवर बसत होता. खोकला थांबला. तो पुन्हा मान वळवू लागला.

"बाबा, उजवीकडे! उजवीकडे बघा!"

"बघतोय ना! तू तिच्याकडे बघ!"

त्यानंतर आतून हाक आली नाही. त्याने जनरेटरवर अंगाचंच छप्पर केलं. बराच वेळ गेला. मग बोटीचा वेग कमी झाला.

"काय झालं? दामटा की जरा!"

नावाडी पुढे बघतच म्हणाला, "आता कशाला घाई, मिस्त्री."

किनारा आला असेल, असं त्याला वाटलं. किनारा खरंच दिसत होता. जनरेटर एकदाही अडखळला नव्हता. त्याला आत कुठेतरी बरं वाटलं. आणली इथपर्यंत.

बोट धक्क्याला लागली. "आधी तिला उतरवा," तो ओरडला, "मी हे शेवटी बंद करतो!"

मुलगी केबिनमधून आली, त्याला वळसा घालून समोर उभी राहिली. तिच्या हातात वायरचं टोक होतं. प्लग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर रबर लावलेलं होतं. निघताना गुंडाळला होता, तसाच.

"अगं, काढलास कशाला? वेडी आहेस का?"

"लावलाच नव्हता, बाबा. मशीनला बॅटरी आहे. घरीच चार्ज करून आणलं होतं."

तो प्लगकडे बघत राहिला. "मग हे सगळं…"

"आई म्हणाली, बाबांना हाताला काहीतरी काम दे. ते समोर बसून बघत राहिले तर माझा पाय निघणार नाही."

"आणि डावीकडचं पाणी?"

"तीच सांगत होती. वळायला लागले की ओरड म्हणाली."

मग त्याने विचारलं, "कधी?"

"बोट हळू झाली ना, तेव्हा."

नावाड्याने मागे येऊन जनरेटर बंद केला. एकदम ताडपत्रीवरचा पाऊस ऐकू येऊ लागला. मुलीने त्याच्या मुठीतून ताडपत्रीचं टोक सोडवलं आणि ओला शर्ट त्याच्या खांद्यावर टाकला. त्याच्या पाठीमागे केबिनचं दार उघडं होतं.

तिला बघायचं अजून बाकी होतं.