चांगली लाट

"दायता, खराटा कशाला आणलात? समुद्र झाडायचाय का?" कप्तान उस्मानने विचारलं आणि डोणीवरचे सगळे खलाशी हसले. वदीफाला तो दायता, म्हणजे थोरली बहीण, म्हणून मान द्यायचा, पण चेष्टा केल्याशिवाय त्याला राहवत नसे.

"आधी तुझी डोणी झाडते," वदीफा म्हणाली. "नुसता उकिरडा करून ठेवलायस."

समोर रुव्वाफुशी बेट होतं. नारळीखाली निळ्या भिंतीचा एक तुकडा दिसत होता. ते वदीफाचं घर. त्सुनामीनंतर अख्खं गाव उठलं आणि माणसं माले शहरात जाऊन राहिली. तीही मुलाकडे, पाचव्या मजल्यावर. पहाटे उठायची सवय तेवढी सुटली नाही. उठायची, खराटा हातात घ्यायची आणि मग आठवायचं की अंगण नाही.

मुलगा शियाम या डोणीवर कामाला होता. लाटांवर फळीने घसरायला दूरदेशाहून येणाऱ्या पाहुण्यांना ही डोणी लांबलांबच्या बेटांवर नेई. या खेपेला एक पाहुणा आला नाही. शियामने मालकाला गळ घातली आणि त्या रिकाम्या जागी आईला आणलं. तिला तिथे बाकी काही करायचं नव्हतं. आपलं अंगण एकदा झाडायचं होतं.

पण लाट चांगली होती. पाहुणे आरोळ्या मारत फळ्यांसकट पाण्यात उड्या टाकत होते. तीच लाट पुढे जाऊन प्रवाळातून बेटाकडे जाणाऱ्या वाटेवर फुटत होती आणि सगळी वाट पांढऱ्या फेसाने भरून जात होती.

उस्मानने बराच वेळ पाहिलं. आता तो हसत नव्हता.

"किनाऱ्याला न्यायची छोटी होडी जाणार नाही, दायता. उलटेल."

"याच वाटेनं मी नवरी होऊन आलेय. हा पोटात असतानाही आलेय."

"ते कुठल्या महिन्यात?"

तिने खराट्याचे हीर सारखे केले. "जानेवारीत," मग म्हणाली.

"मग! तेव्हा समुद्र झोपलेला असतो. पण तेव्हा इकडे डोणी येत नाही. लाट असली तरच पाहुणे येणार, आणि लाट असली की मी तुम्हाला उतरवू कसा?"

"थांबू की. ओसरेल."

"संध्याकाळी निघायचंय. पाहुण्यांना उद्या दुसरी लाट हवीय."

वदीफा कठड्याशी जाऊन बसली, खराटा मांडीवर घेऊन. हाक मारली तर ऐकू जावी इतकं जवळ आपलं दार, आणि पाय टेकवायची सोय नाही. शियामला तिच्याकडे बघवेना. आणलंच नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

पाहुण्यांतली मिहो नावाची जपानी मुलगी जेवायला वर आली. बोटीवर चढल्यापासून वदीफा तिला "काडी झालीय नुसती" म्हणत आग्रहाने रोशीच्या पोळ्या आणि मासळी वाढत होती. आज वाढायला कोणी उठलं नाही. काय झालं, तिने शियामला विचारलं. त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं. मिहोने लाटेकडे पाहिलं, मग खराट्याकडे.

"होडी जात नाही. फळी जाईल," ती म्हणाली. "मी जाऊ?"

शियामने आईला सांगितलं.

"ही? हिला झाडता येतं का?"

आपल्या आईच्या दुकानापुढचा रस्ता रोज आपणच झाडायचो, असं मिहोने सांगितलं. वदीफाने तिचे हात उलटसुलट करून पाहिले. "मागे मागे सरकत झाडायचं म्हणावं. पुढे गेलं की पावलं उमटतात. अंगणात पाऊल दिसता कामा नये." आणि डोक्यावरचा रुमाल सोडून तिने खराटा मिहोच्या पाठीला घट्ट बांधला.

मिहो फळीवर पालथी पडून गेली. फेसात दिसेनाशी झाली तेव्हा शियामने डोळे मिटले. उघडले तेव्हा ती वाळूवर उभी होती.

उस्मानची दुर्बीण वदीफाने घेतली ती कोणालाच दिली नाही. "अगं बाई, पानं केवढी पडलीत! विहिरीकडून सुरू कर. अगं, मागे सरक, मागे!" ती एवढ्याने ओरडत होती की उस्मानने कानात बोटं घातली. तिचा मोकळा हात हवेत झाडत होता. मग ओरडणं थांबलं. तिने दुर्बीण उस्मानकडे दिली.

"मला काही दिसेना. तू बघ. सांग."

उस्मानने दुर्बीण डोळ्यांना लावली. "झाडतेय. नीट झाडतेय. नीरफणसाखाली आली आता."

"पावलं?"

"एकही नाही, दायता."

मिहो परत आली तेव्हा प्रवाळाने तिची नडगी खरचटली होती. रुमाल मनगटाला होता, पाठीवर खराटा नव्हता. लाटा कापत परत यायचं म्हणजे ओझं नको, म्हणून तिथेच ठेवला, असं म्हणून ती पुन्हा पुन्हा वाकून माफी मागू लागली. शियामला हे आईला सांगायचा धीर होईना. आईने तो स्वतःच्या हाताने हीर काढून बांधलेला होता.

"ठेवला कुठे?" वदीफानेच विचारलं.

"दारामागे," मिहोला विचारून शियामने सांगितलं.

दिवसभरात पहिल्यांदा ती हसली. तिकडे खलाशी नांगर वर ओढत होते.

"तिथंच असतो तो," ती म्हणाली. "बरं झालं. सकाळी लागेल."