अकरा नंबरच्या खोलीचं दार

नीळकंठराव पुन्हा खोलीपुढे उभे राहिले आणि पुन्हा दार सरकलंच नाही.

"माझी बायको आहे आत," ते फुलझेले सिस्टरांवर खेकसले. "उघडा."

"दार मी उघडत नाही, काका. काकूंच्या मनगटावरचा पट्टा उघडतो. तुम्ही जवळ आलात की त्यांची नाडी पळायला लागते, बीपी चढतं. ज्याच्या येण्यानं पेशंट बिघडतो, त्याला हे दार आत घेत नाही."

"मला बघून आनंद होत असेल तिला!"

"सकाळी मुलगी आली तेव्हाही नाडी वाढली होती, पण दार उघडलं. तुम्ही आलात की हात गार पडतात. पट्टा तेही बघतो."

नीळकंठरावांनी काचेवर जोरात थाप मारली. "शालन! सांग यांना, मी काय केलंय तुला?"

पलंगावरून शालनकाकूंनी इतक्या वर्षांचं पाठ झालेलं उत्तर दिलं, "काही नाही हो, सिस्टर. येऊ द्या त्यांना."

त्या हे बोलत असतानाच दारावरचा नाडीचा आकडा लाल झाला आणि आतून दुसरी कडी बसली.

"उद्या सोडतायत ना? घरी चल, मग बघतो तुझ्याकडे," असं म्हणून ते तरातरा निघून गेले.

आकडा सावकाश उतरला. सिस्टर आत येऊन उशी नीट करू लागल्या. काकू मात्र दाराकडेच बघत होत्या.

"सिस्टर," त्यांनी हळूच विचारलं, "असलं दार घरी बसवून मिळतं का?"