तुमची संध्याकाळ द्या

सकाळी अकेनेतानं फ्रीज उघडला, तर आतला गारवा गेलेला. भिंतीवरच्या बॅटरीच्या डब्याचा दिवा लाल. तिनं इन्सुलिनच्या बाटल्या हातात घेऊन पाहिल्या. कोमट. अजून टाकायच्या झाल्या नव्हत्या, पण महिन्यात ही दुसरी वेळ. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

छपरावर सोलरचे चार पॅनल होते. राजधानीत, सुव्हात नोकरी करणाऱ्या लेकानं बोटीतून आणून बसवले होते, खास बापाच्या औषधासाठी. बेटावर दुसरी वीज नाही. महिन्याला येणाऱ्या नर्सबाईनं बजावलं होतं, आणखी एकदा औषध वाया गेलं तर सेरूला सुव्हालाच न्यावं लागेल, कायमचं. सेरू म्हणजे अकेनेताचा नवरा. साखरेपायी त्याचा एक पाय गुडघ्याखाली गेला होता. बेट सोडायचं नाव काढलं की म्हणायचा, त्यापेक्षा दुसराही कापा.

वीज कुठे जात होती ते आंधळ्यालाही दिसलं असतं. ऊन उतरलं की अर्धं गाव दारात. कुणाचा फोन, कुणाची विजेरी, रग्बीची मॅच असली की स्पीकरसुद्धा. पहाटेपर्यंत बॅटरीचा खडखडाट. आणि नाही कसं म्हणणार? आमच्याकडे केरेकेरे असतं. म्हणजे शेजाऱ्यानं, भावकीनं तोंड उघडून मागितलं की द्यायचं. नाही म्हटलं तर गाव जन्मभर नावं ठेवतं.

सेरूही नाही म्हणत नव्हता. हाच सेरू इस्पितळातून आला तेव्हा मासे आणि अश्रू घेऊन आलेल्या लोकांना त्यानं दारातूनच हाकललं होतं. रडायचंय तर मी मेल्यावर या, म्हणाला होता. मग कुणी फिरकेना. सहा महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. मग पॅनल आले, तशी माणसं वीज मागायला येऊ लागली, आणि मागणाऱ्याला परत पाठवणं त्याच्याही रक्तात नव्हतं. आले फुकटे, बसा, म्हणायचा आणि वायर पुढे करायचा.

सगळ्यांत फुकटा इनोके. हा अकेनेताचा मामेभाऊ. मामेभावाची टर उडवायची आमच्याकडे मुभाच आहे, आणि अकेनेता ती पुरेपूर वापरायची. इनोके सगळ्यांच्या आधी यायचा, सगळ्यांच्या नंतर जायचा. फोन वायरीला लावायचा आणि चटईवर फतकल मारायचा. रेंज मिळते ती फक्त टेकडीच्या माथ्यावर, आणि या आळशानं ती टेकडी कित्येक महिन्यांत चढली नव्हती. माशांना फोन करतोस का रे, असं ती विचारायची. तो नुसता हसायचा.

पॅनल बसवणाऱ्यानं एक गोष्ट नीट समजावून सांगितली होती. बारापर्यंत बॅटरी भरते, त्यानंतरचं ऊन वाया जातं. काय लावायचं ते दुपारी लावा, संध्याकाळनंतरची वीज फ्रीजला ठेवा. अकेनेतानं हे गावाला दहादा सांगून पाहिलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळे संध्याकाळीच आले.

त्या रविवारी चर्चमध्ये बसल्याबसल्या तिच्या डोक्यात आलं. आपल्याला नाही म्हणता येत नाही, पण मागता तर येतं ना?

प्रार्थना झाल्यावर ती तडक मुखियाच्या घरी गेली. तिनं यंगोनाची मुळी चटईवर ठेवली. मागणं मागताना ही मुळी पुरुषानं ठेवायची असते, पण तिचा पुरुष उंबऱ्याबाहेर पडत नव्हता.

"मी मागायला आलेय," ती म्हणाली. "तुमची संध्याकाळ द्या मला. फोन दुपारी पाठवा."

तिथे यंगोना प्यायला जमलेल्या पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातच बसलेल्या इनोकेनं मान खाली घातली. मग मुखियानं ओंजळ करून टाळी वाजवली. दिलं, असा तिचा अर्थ. अकेनेताला रडूच आलं.

घरी येऊन तिनं सेरूला सांगितलं. बरं केलंस, म्हणाला, आणि कूस बदलून भिंतीकडे वळला. त्या संध्याकाळी कुणी आलं नाही. सोमवारी सकाळी दिवा हिरवा होता आणि बाटल्या गार. तिनं देवाचे आभार मानले. पण सेरूचं रात्रीचं ताट तसंच होतं, माशाला हातही लावलेला नव्हता.

दुपारी कुणाच्या तरी पोराहाती पिशवीभर फोन येतील, असं तिला वाटलं होतं. आला तो इनोके. गुडघ्यापर्यंत कसाव्याच्या मळ्यातला चिखल. त्याच्या मागे मुखिया, त्याच्या मागे आणखी आठ-दहा जण, हातातलं काम टाकून, भर उन्हात. सेरू उठून बसला. कामधंदे नाहीत का रे फुकट्यांनो, असं त्यानं खणखणीत आवाजात विचारलं. कुणीतरी उकडलेला कसावा आणला होता. सेरूनं दोनदा मागून घेतला. दहा-बारा फोन लागले तरी दिवा हिरवाच. कितीतरी दिवसांनी अकेनेताला हायसं वाटलं. या माणसांचे उपकार कसे फेडायचे, या विचारात तिनं सगळ्यांसाठी चहा टाकला आणि इनोकेचा राहिलेला फोन स्वतः वायरीला लावला.

फोनवर काहीच उजळलं नाही. तिनं तो काढून पुन्हा लावला. मग उलटा करून पाहिला. वायर लावायच्या भोकात मिठाची पांढरी खपली धरली होती.

"मेल्या, हा चालू तरी आहे का?"

"तुझे पॅनल यायच्या आधीच समुद्रात पडला होता."

"आणि वर्षभर रोज इथे आणून लावतोस? कशासाठी?"

सेरू मुखियाला कसलासा टोमणा मारून हसत होता. इनोकेनं त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मागायला काही नसतं, तर त्यानं मला दारात उभं केलं असतं का?"