तिसरी कॉफी

बोस्नियातल्या त्राव्निक गावात पाहुण्याला पहिली कॉफी स्वागताची, दुसरी गप्पांची. तिसरी आली की त्याने समजून उठायचं. म्हणून समुपदेशक बाईंनी तिसरा कप पुढे सरकवताच शेफिकाने पर्स उचलली. अशा ठिकाणी ती पहिल्यांदाच आली होती आणि अर्धा तास नुसती गुडघ्यांबद्दल बोलली होती. बाई कंटाळल्या असणार.

"येते मी. उगाच तुमचा वेळ खाल्ला."

"बसा हो. इथे तिसरीला उठायचं नसतं."

शेफिका बसली. पर्स मांडीवरच राहिली. कॉफी निवेपर्यंत ती कपाकडे बघत होती.

"भाऊ शेवटचा घरी आला, त्या दिवशी मी फार दमले होते," ती म्हणाली. "त्याला तिसरी लवकर दिली."