फेनविकसाहेबांची ओळ

कपबशी पुन्हा वाजली. नंदकिशोर दाते यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही, पण कान टवकारले. कल्पनाताई चहा ठेवून आत गेल्या तेव्हा बशीत चार थेंब सांडलेले होते.

दसऱ्यापासून हे चाललं होतं. पस्तीस वर्षं इथल्या, बंगळूरच्या सरकारी कारखान्याच्या चाचणी विभागात काढलेला माणूस. यंत्राची थरथर ज्याला लांबून कळते, त्याला बायकोच्या हाताची कळणार नाही?

निवृत्तीनंतर नंदकिशोर एक चरित्र लिहीत होते. डॉक्टर फेनविक, दीडशे वर्षांपूर्वी विलायतेहून बंगळूरच्या छावणीत आलेले. नोकरी लष्करी दवाखान्यात, जीव मात्र संशोधनात. आजच्या शिवाजीनगरच्या गल्ल्यांतून घोड्यावर फिरून ते कंपवाताचे रोगी पाहत. त्यांची रीत साधी होती. रोग्याकडून रोज एकच ओळ लिहून घ्यायची, एकाखाली एक. ‘आज सकाळी मला बरं वाटतंय.’ अक्षर बिघडत, आक्रसत गेलं की साहेबांचं निदान पक्कं.

लिहिलेलं पान नंदकिशोर रोज संध्याकाळी बायकोला वाचून दाखवत. ती पाचव्या मिनिटाला पेंगायची. त्यामुळे त्यांना आपली युक्ती बिनधोक वाटली.

“पुस्तकात ही ओळ तुझ्या अक्षरात छापायचीय,” ते म्हणाले. “रोज एकदा लिही. बरी येईल ती घेऊ.”

“इश्श! माझं कसलं मेलीचं अक्षर!” म्हणत त्यांनी पेन घेतलं.

मग रोजच सुरू झालं. वर तारीख आणि वेळ नंदकिशोर स्वतः घालत; मोजणाऱ्यानंच नोंद करायची, ही कारखान्यातली शिस्त. खाली कल्पनाताईंची ओळ, कधी सरळ, कधी वेडीवाकडी. त्या उठून गेल्या की शेजारी शेरा.

‘कमी ऐकू येतं. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते.’

‘फिरायला जाताना फार झपाट्यानं चालते. मला मागे टाकते.’

‘उतावळेपणा वाढलाय. माझ्या शर्टाची बटणं मला लावू देत नाही.’

नंदकिशोरना रडू यायचं. मग न्हाणीघरात नळ सोडून ते उभे राहत. हिला काही झालं तर आपलं कसं व्हायचं, हा एकच विचार. शिवाय तिला हे सांगायचं कुणी? ती तर उलट त्यांच्याच मागे लागलेली, “अहो, सत्तरी आली, एकदा तपासून घ्या सगळं.” त्यावर ते हसायचे. “मला काय धाड भरलीय?”

जानेवारीत त्यांनी धीर केला. “व्हाइटफील्डला एक मेंदूच्या डॉक्टर आहेत. पुस्तकासाठी भेटायचंय. तूही चल.”

“चला की,” कल्पनाताई लगेच म्हणाल्या आणि साडी बदलायला गेल्या.

डॉक्टर हर्षितांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठीत कन्नड मिसळून बोलायच्या. कल्पनाताईंना नर्स वजनकाट्याकडे घेऊन गेली, तेवढ्यात नंदकिशोरनी वही पुढे सरकवली. “हिला काही बोलू नका. आधी मला सांगा. मी सगळं करीन तिचं.”

“स्वल्प थांबा, अण्णा. जोरात बोला, ऐकू येत नाही मला,” डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी कल्पनाताईंना अंगठ्याला बोटं टेकवायला लावली, हात पुढे धरायला लावले, दारापर्यंत चालवलं. वही पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटली. परत पहिल्या पानावर आल्या.

“अक्कांना काही झालेलं नाही.”

नंदकिशोरना वाटलं, उठून या बाईच्या पाया पडावं. “पण अक्षर? ती थरथर?”

“सरी, ठीक आहे, ते राहू दे. या तारखा कोणी घातल्यात?”

“मी.”

डॉक्टरांनी पहिलं आणि शेवटचं पान त्यांच्यासमोर धरलं. पहिल्या पानावरची तारीख अर्धी ओळ व्यापून होती. शेवटच्या पानावरची मुंगीएवढी.

नंदकिशोरनी दोन्ही पानं जवळ ओढली. डॉक्टरांनी त्यांचं मनगट हातात घेऊन हलकेच वाकवलं. मग शेजारी वळून विचारलं, “अक्का, तुम्हाला ठाऊक होतं?”

कल्पनाताईंनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. हात अगदी स्थिर होता.

“स्वतःसाठी हे कधीच आले नसते, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “म्हणून दसऱ्यापासून मीच आजारी पडले.”