पायाची नस

भिकू वाघमारे टेबलावर उताणा पडून छताकडे बघत होता. मांडीजवळ बधिर केलं होतं, डोकं जागं होतं. वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये पस्तीस डॉक्टर मोठ्या पडद्यावर त्याचं काळीज बघत बसले होते. ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी त्याचं बायपास झालं होतं. तेव्हा पायातली नस काढून काळजाला जोडलेली. तीच नस आता आतून भरत आली होती. चढ चढताना छातीत दुखायचं, जिभेखाली गोळी ठेवली की थांबायचं. पेणच्या या हॉस्पिटलातून तीनदा फोन आला, फुकट करतो म्हणाले, तेव्हा तो रोह्याकडच्या वाडीवरून बायकोला, आवडीला घेऊन आला.

ऑपरेशन करणाऱ्या प्रवीण सरांनी बारीक तारेवरचा कॅमेरा नसेत सरकवला. पडद्यावर नसेचं आतलं चित्र उमटलं.

"बघा," ते माइकवर इंग्रजीत म्हणाले, "कडेला सगळा मऊ गाळ. त्यावरचा पापुद्रा दोन ठिकाणी फाटलाय. इथे स्टेंट फुगवला तर?"

"गाळ सुटून खाली जाईल," स्पीकरमधून हॉलमधला आवाज आला. "बारीक नसा तुंबतील."

"बरोबर. कोण म्हणतं इथेच थांबावं? हात वर करा."

"जवळजवळ सगळेच, सर."

"पण थांबलो, तर चित्र खरं बोलत होतं की नाही, हे कळणार कसं?"

हॉलमध्ये हशा पिकला.

नमिता सरांच्या शेजारी उभी होती. ती जवळच्याच गडब गावची, याच वर्षी इथे लागलेली डॉक्टर. पेशंटशी त्याच्या भाषेत बोलत राहायचं, म्हणून तिला आत घेतलं होतं. ती हळूच म्हणाली, "सर, गोळ्यांवर चालता-फिरता आहे तो."

सरांनी माइक बंद केला. "हॉल भरलाय, नमिता." मग माइक पुन्हा चालू केला.

भिकूने मान वळवली. "काय बोलतात गो बाय ते?"

नमिताने त्याच्या कपाळावरचा घाम टिपला. "नस चांगली दिसते म्हणतात, काका."

"व्हय? पायाचीच हाय ना. लय चाललोय त्या पायावर."

"आता बोलू नका. पडून राहा."

फुगा फुगला, उतरला. स्टेंट बसला, अगदी नेमका बसला. सरांनी नसेत रंगाचं औषध सोडलं. ते स्टेंटच्या थोडं पुढे गेलं आणि तिथेच उभं राहिलं. पुन्हा सोडलं. पुन्हा तिथेच. नस मोकळी करायचं इंजेक्शन दिलं, तरी खाली उतरेना.

"बाय," भिकू म्हणाला, "छातीवर कोन बसलाय?"

त्याने नमिताचा हात घट्ट धरला. थोड्या वेळाने त्याची पकड सुटली. मॉनिटर ओरडू लागला. नमिता स्टुलावर चढून त्याची छाती दाबू लागली.

"हॉलचा पडदा बंद करा," सर म्हणाले. माइक चालूच होता. "मित्रांनो, चित्राने सांगितलं, तेच झालं. इथे थांबतो. आम्हाला आता काम आहे."

स्पीकरमधून टाळ्या आल्या. बराच वेळ वाजत राहिल्या. स्पीकर बंद करायला कोणाचा हात मोकळा नव्हता.

टाळ्या दारातून ऐकू आल्या, तशी बाहेर बाकावर बसलेली आवडी उठली. तिने पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि शेजारच्या अनोळखी बाईकडे बघून हसली.

"ऐकलंस गो? आमच्या मानसासाठी वाजवतात."