चारच्या उन्हातला पडदा

बायको कोकिळा वारल्यावर उत्तमरावांनी तिच्या अबोली लुगड्यात उन्हावर वीज करणारा धागा शिवून घेतला आणि माडीवरच्या खिडकीला त्याचा पडदा लावला. पडद्याच्या विजेवर पंखा फिरे. रोज चारला मात्र तो चहा पिण्याइतका वेळ थांबे.

"मामा, पडद्यावर कोणाची तरी सावली पडून राह्यली," मेकॅनिक हरिओम म्हणाला.

"माडीच्या खिडकीबाहेर कोण उभं राहीन बे?"

"मग पडदा काढून टाकू काय?"

"नको. राहू दे."

ते चारला वावरातून परतायचे, तेव्हा कोकिळा याच खिडकीत वाट पाहत असायची.

आज पंखा थांबताच त्यांनी पडद्यावर तळवा ठेवला.

"जाऊ नको वं."

सारं कापड तापलेलं होतं. तळव्याखालची जागा तेवढी गार होती, आणि पलीकडून हळूच रेटा येत होता.